थर्मल दुर्बिणीत ठिपका दिसतो, पण प्राणी ओळखू येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: ३८४×२८८ पिक्सेलचा सेन्सर आणि ३५ मिलिमीटर लेन्सची, दोन्ही डोळ्यांनी बघायची थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणारी) दुर्बीण घेतली आहे. खोक्यावर १८०० मीटर रेंज लिहिली आहे, पण २०० मीटरवर ससा आहे की रानमांजर हेही कळत नाही. संध्याकाळी सगळं रान पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं दिसतं आणि पाऊस पडून गेला की सगळं करडं होतं. यंत्रात दोष आहे का? ते बदलून ६४० पिक्सेल रुंद सेन्सरचं घ्यावं का?

यंत्र बहुधा ठणठणीत आहे. तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. पहिली निव्वळ गणिताची, दुसरी वेळेची, तिसरी अर्धी हवेची आणि अर्धी सेटिंगची. ६४० चा सेन्सर यातली एकही सोडवत नाही, निदान तुम्हाला वाटतंय तशी तरी नाही. आधी गणित उरकू, कारण खरेदीत बहुतेकांची फसगत तिथेच होते.

खोक्यावरचे १८०० मीटर म्हणजे 'डिटेक्शन' अंतर. साधारण माणसाच्या उंचीची ऊबदार वस्तू तिथे असली, तर 'काहीतरी आहे' एवढं कळेल, इतकाच त्याचा अर्थ. या मोजमापाचं मूळ जॉन्सन निकषांत आहे. अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी ते १९५८ मध्ये मांडले. आजच्या पिक्सेलच्या भाषेत सांगायचं तर वस्तूच्या लहान मापावर साधारण २ पिक्सेल पडले की ती 'आहे' हे कळतं, ८ पडले की कोणत्या प्रकारची आहे ते कळतं आणि १२-१३ पडले की नेमकी ओळख पटते. तीही पन्नास टक्के वेळा. निम्म्या वेळा चुकणार हे त्या आकड्यातच धरलेलं आहे, आणि हे जाहिरातीत कोणी छापत नाही.

आता तुमच्या दुर्बिणीचं पाहू. आजच्या बहुतेक सेन्सरमध्ये एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो (जुन्यांत १७ चा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पिक्सेलच्या मापाला लेन्सच्या फोकल लांबीने, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागायचं: १२ भागिले ३५, म्हणजे ०.३४. याचा अर्थ १०० मीटरवर एक पिक्सेल ३.४ सेंटिमीटर व्यापतो, २०० मीटरवर ६.९ आणि १८०० मीटरवर तब्बल ६२ सेंटिमीटर. १८०० मीटरवरचा माणूस म्हणजे एकावर एक तीन पिक्सेल. कंपनी खोटं बोललेली नाही, फक्त तिने तुमचा प्रश्न सोडून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. बसलेला ससा ४५ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर उंच धरला, तर २०० मीटरवर तो सहा-सात पिक्सेल लांब आणि जेमतेम चार पिक्सेल उंच भरतो. एवढ्यात कोणीही ससा ओळखू शकत नाही. उंचीवर ८ पिक्सेल हवे असतील तर तो ९० मीटरच्या आत हवा आणि पक्की ओळख हवी असेल तर ५५ च्या आसपास. खांद्याशी ४० सेंटिमीटर उंच असलेल्या कोल्ह्यासाठी पहिला आकडा १४५ मीटर येतो, ८० सेंटिमीटरच्या रानडुकरासाठी २९०. मात्र डुकराचे पाय गवतात बुडाले की उंची निम्मी आणि अंतरही निम्मं. प्रत्यक्षात हवेतला दमटपणा आणि हाताची थरथर धरून मी या आकड्यांतून आणखी पाव हिस्सा कापतो.

आता ६४० बद्दल. पिक्सेलचं माप तेच, लेन्स तीच आणि सेन्सर फक्त ३८४ ऐवजी ६४० चा, असं यंत्र घेतलं तर त्या सशावर पडणारे पिक्सेल तेवढेच राहतात. एकही वाढत नाही. वाढतं ते दृश्यक्षेत्र. तुमच्या दुर्बिणीत १०० मीटरवर १३ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, ६४० मध्ये तो २२ मीटर होईल. टेहळणीला हा मोठा फायदा आहे आणि पडद्यावरचं चित्रही डोळ्याला भरीव वाटतं, पण सशाचे कान त्यामुळे दिसू लागणार नाहीत. बारकावे वाढतात ते लेन्सची फोकल लांबी वाढवल्याने किंवा पिक्सेल लहान केल्याने. ५० मिलिमीटर लेन्स लावली की १०० मीटरवरचा पिक्सेल २.४ सेंटिमीटरचा होतो. पण ३८४ च्या सेन्सरवर ५० ची लेन्स लावली तर १०० मीटरवर फक्त ९ मीटर रुंदी उरते. एवढ्या फटीतून माळ धुंडाळताना डोकं उठतं. ६४० खरा उपयोगी पडतो तो इथे: लांब लेन्स लावूनही १५ मीटर रुंदी शिल्लक राहते. वापरलेलं यंत्र घेणाऱ्यांनी आणखी एक ताळा करावा. १७ मायक्रॉनचा जुना ६४० सेन्सर आणि ५० ची लेन्स म्हणजे १७ भागिले ५०, पुन्हा ०.३४. बारकाव्यात ते यंत्र तुमच्या हातातल्या यंत्राएवढंच आहे, वजनाला मात्र बरंच जड.

डिजिटल झूमची दखल एका वाक्यात पुरे. तो पिक्सेल मोठे करून दाखवतो, नवे आणत नाही. २ पटीच्या पुढे वापरूच नका.

मिलिकेल्विनमध्ये (अंशाच्या हजाराव्या भागात) दिलेला 'एनईटीडी' आकडाही तुम्ही पाहिला असेल. तापमानातला किती बारीक फरक सेन्सरला स्वतःच्या गोंगाटातून (चित्रातल्या नकोशा दाण्यांतून) वेगळा काढता येतो, ते तो सांगतो. २५ हा ४० पेक्षा चांगला, इतपत खरं. पण हा आकडा बहुधा एफ/१.० च्या लेन्सवर मोजलेला असतो (एफ-आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). लेन्स एफ/१.२ ची असेल तर सेन्सरपर्यंत पोचणारी ऊर्जा १.४४ पटीने घटते आणि २५ चा सेन्सर ३६ सारखा वागू लागतो. शिवाय काहीजण चित्रावर सॉफ्टवेअरचा हात फिरवून झाल्यावरचा आकडा छापतात. कोरड्या थंड रात्री हा फरक जाणवणारही नाही, दमट रात्री मात्र सगळा खेळ त्यावरच असतो. म्हणून दोन यंत्रांत निवड अडली तर मी आधी लेन्सचा एफ-आकडा पाहतो, मग मिलिकेल्विन.

यंत्रात खरंच दोष आहे का, हे तपासणं सोपं आहे. मोकळ्या जागी एका माणसाला बरोबर १०० मीटरवर उभं करा आणि हात अंगापासून दूर धरायला सांगा. तो उंचीला ५० पिक्सेल भरतो, म्हणजे हात, पाय आणि डोकं स्वच्छ वेगळे दिसले पाहिजेत. नुसता पांढरा खांब दिसत असेल तर फोकस चुकला आहे किंवा लेन्स बिघडली आहे. यातलं काय, ते चंद्रावरून कळतं. चंद्राचा उजेड पडलेला पृष्ठभाग तापलेला असतो आणि आकाश अतिशय थंड, त्यामुळे थर्मलमध्ये तो छान दिसतो. तुमच्या यंत्रात त्याची रुंदी साधारण २५ पिक्सेल भरेल. फोकसची रिंग हळूहळू फिरवा. चंद्राची कड धूसर, मग रेखीव, मग पुन्हा धूसर, असा क्रम दिसायला हवा. रिंग टोकाला जाऊन अडते आणि कड रेखीव होतच नाही, असं असेल तर लेन्स अनंतावर पोचत नाही. ती दुरुस्तीला पाठवायलाच हवी. चित्रात कायमचे पांढरे किंवा काळे बिंदू दिसत असतील तर ते मेलेले पिक्सेल. बहुतेक यंत्रांच्या मेनूत ते बुजवायची सोय असते, तो काही दोष नव्हे. मात्र ही चाचणी चंद्रावरच करा, सूर्यावर कधीही नको. सूर्य सेन्सर कायमचा भाजून काढतो आणि झाकण उघडं असेल तर यंत्र बंद असतानाही हे घडू शकतं.

'ओळखू येत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं पिक्सेलचं नसतंच, फोकसचं असतं. दोन फोकस वेगवेगळे आहेत हेच लक्षात येत नाही. डोळ्याकडची डायॉप्टरची चकती पडद्यावरचं चित्र तुमच्या नजरेला जुळवते, समोरची रिंग लेन्सला अंतराशी जुळवते. आधी डायॉप्टर लावायचा. लेन्सवर झाकण ठेवून मेनू उघडा, एक डोळा मिटा आणि चकती अधिकच्या टोकाला नेऊन अक्षरं धूसर करा. मग सावकाश मागे आणत अक्षरं पहिल्यांदा स्पष्ट होतील तिथे थांबा. त्यापुढे फिरवली तरी अक्षरं स्पष्टच दिसत राहतात, पण तिथून पुढे डोळा ताण देऊन बघत असतो आणि तासाभरात कपाळ दुखू लागतं. दुसऱ्या डोळ्यासाठीही हेच. त्यानंतर दोन नळ्यांमधलं अंतर असं जुळवा की दोन्ही मिळून एकच वर्तुळ दिसेल. चष्मा घालून बघायला काही हरकत नाही, कारण डोळ्याकडे साधा पडदा असतो.

समोरच्या फोकसची अडचण अशी की थर्मल लेन्स जवळजवळ पूर्ण उघडी असते. एफ/१.० ला ३५ मिलिमीटर लेन्सचं हायपरफोकल अंतर सुमारे १०० मीटर येतं. म्हणजे फोकस १०० मीटरवर ठेवला तर ५० मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं रेखीव दिसतं. टेहळणी याच जागेवर रिंग ठेवून करायची. (५० मिलिमीटर लेन्सला हेच अंतर २०८ मीटर, म्हणजे १०४ मीटरच्या अलीकडे प्रत्येक वेळी रिंग फिरवणं आलंच.) दिवसाउजेडी १०० मीटरवरची खूण धरून फोकस लावा आणि रिंगवर व नळीवर समोरासमोर चिकटपट्टीचे बारीक तुकडे डकवा, अंधारात बोटाला लागतील असे. पण त्या खुणेवर आंधळा विश्वासही नको. या लेन्स जर्मेनियमच्या असतात आणि जर्मेनियमचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बराच बदलतो. गाडीतून बाहेर थंडीत आलेल्या दुर्बिणीचा फोकस अर्ध्या तासात सरकलेला असतो. तेवढ्या वेळाने एकदा लांबच्या झाडाच्या फांद्यांवर तपासून घ्या.

आता संध्याकाळची तक्रार. थर्मल यंत्र उजेड बघत नाही, ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण बघतं. प्राण्याच्या अंगातून सर्वांत जास्त किरण ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास निघतात आणि दिवसभर उन्हात तापलेल्या दगडातूनही तिथेच. सूर्यास्तानंतर दोन-तीन तास दगड, वारुळं, खोडं आणि उघडी माती पांढरीच दिसणार. यंत्राच्या दृष्टीने तो दगड आणि ससा यांत काही भेद नाही. दिवसातून दोन वेळा, सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी जमीन निवताना, पार्श्वभूमी आणि प्राणी एकाच तापमानाला येतात. त्या वेळी समोर उभा असलेला मोठा प्राणीसुद्धा चित्रात विरघळून जातो. सर्वांत चांगली वेळ म्हणजे सूर्योदयापूर्वीचे दोन तास: दगड निवलेले असतात आणि निरभ्र रात्री गवत तर हवेपेक्षाही थंड झालेलं असतं. उकाड्याच्या रात्री जमीन ३२-३३ अंशांखाली उतरतच नसेल, तर २५ मिलिकेल्विनचा सेन्सरही फारसं काही करू शकत नाही. अशा दिवसांत सायंकाळची फेरी सोडून पहाटेची धरावी.

तरीही सायंकाळी बघायचंच असेल तर दगड आणि जनावर यांत फरक कसा करायचा? दगडाची कड मऊ असते, तो सगळीकडून सारखा तेजाळतो आणि त्याचा खालचा भाग मातीत मिसळून जातो. प्राण्याच्या अंगावर चढउतार असतात: चेहरा, डोळ्यांभोवतीचा भाग आणि पायांची आतली बाजू उजळ, पाठ मंद. शंका आली तर वीसेक सेकंद यंत्र स्थिर धरा, कान किंवा मान हलतेच. तेवढ्याने नाही जमलं तर चार पावलं बाजूला सरकून पुन्हा बघा. गवताच्या काड्यांमागचा प्राणी नव्या फटींतून वेगळा दिसतो. आणखी एक फसवणूक म्हणजे नुकतीच सोडलेली बैठक. जनावर उठून गेल्यावर त्याने दाबलेलं गवत काही मिनिटं उजळ राहतं, ताजी लीदही राहते.

पावसानंतर सगळं करडं होण्याचं कारण वेगळं आहे. पाण्याने पानं, दगड, माती सगळं एका तापमानाला आणलेलं असतं, त्यामुळे देखावा सपाट होतो. पण अशा सपाट पार्श्वभूमीवर कोरड्या अंगाचा प्राणी उलट चांगला उठून दिसायला हवा. तो दिसत नसेल तर आधी लेन्स पाहा. या किरणांना पाणी जवळजवळ अपारदर्शक आहे, ०.०५ मिलिमीटरचा थरसुद्धा त्यातले बहुतेक किरण गिळून टाकतो. साध्या नजरेला लेन्स फक्त दमट वाटते, यंत्राला तिथे पडदा पडलेला असतो. काचेचंही तसंच. गाडीच्या बंद काचेतून बघितलं तर काचेचं तापमान आणि तुमच्याच चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसतं, बाहेरचं काही नाही. काच पूर्ण खाली घ्या, इंजिन बंद करा आणि बॉनेटवरून बघू नका, तिथून उठणारी गरम हवा चित्र लाटांसारखं हलवते. धुक्याबद्दल जाहिराती काहीही म्हणोत, दाट धुक्यात थर्मलही आंधळं होतं. धूर आणि कोरडी धूळ यांतून मात्र ते चांगलं बघतं. पानांतून आरपार दिसतं हाही गैरसमज. दिसतं ते पानांमधल्या फटींतून.

उरलेला करडेपणा सेटिंगचा. चौकटीतली सर्वांत थंड आणि सर्वांत गरम गोष्ट धरून यंत्र मधले सगळे करडे रंग वाटून देतं. निरभ्र आकाश त्याला गोठणबिंदूच्या कितीतरी खाली दिसतं. चौकटीचा वरचा अर्धा भाग आकाशाने भरला की करड्या रंगांचा मोठा वाटा आकाश आणि जमीन यांच्यातल्या फरकावर खर्च होतो आणि जमिनीवरचे दोन-चार अंशांचे फरक एकाच छटेत कोंबले जातात. शेकोटी किंवा गाडीचं तापलेलं इंजिन चौकटीत आलं तरी हेच. म्हणून क्षितिज चौकटीच्या अगदी वरच्या कडेला ठेवा. पावसानंतर आणि दमट हवेत ॲम्प्लिफिकेशन किंवा गेन (सेन्सरचा संकेत वाढवणारी सेटिंग) एक पायरी वाढवा, गोंगाट वाढला तर स्मूदिंग फिल्टर लावा. ब्राइटनेस मात्र कमी ठेवा. जवळजवळ प्रत्येक नवा माणूस ब्राइटनेस वाढवतो आणि करडं चित्र आणखी धुऊन काढतो. रंगांपैकी टेहळणीला 'व्हाइट हॉट' (गरम ते पांढरं), आकार न्याहाळायला 'ब्लॅक हॉट' (गरम ते काळं), एवढे दोन पुरतात. सर्वांत गरम भाग लाल दाखवणारा पर्याय पहाटे कामाचा आहे, सायंकाळी तो प्रत्येक दगड लाल करतो. इंद्रधनुषी रंगांचा या कामात काहीच उपयोग नाही.

अधूनमधून 'टिक' असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठतं ना, ते कॅलिब्रेशन. सेन्सरच्या हजारो पिक्सेलपैकी प्रत्येक जण थोडा वेगळा भरकटत जातो, म्हणून यंत्र आतलं शटर पाडून सगळ्यांना एका पातळीवर आणतं. सुरू केल्यावर पहिली दहाएक मिनिटं यंत्र तापत असल्यामुळे हे वारंवार होतं. म्हणून जागेवर पोचण्याआधीच ते सुरू करून ठेवावं. चित्रावर उभ्या रेघा किंवा आधीच्या दृश्याची भुतं दिसू लागली की कॅलिब्रेशनची वेळ झाली समजा. जवळ प्राणी असताना स्वयंचलित ठेवू नका. निःशब्द रात्री ती टिक वीस मीटरवरचं हरीण सहज ऐकतं. मॅन्युअलला ठेवा, तळव्याने न झाकता लेन्सचं झाकण लावा, बटण दाबा, झाकण काढा. तळव्याची ऊब सगळीकडे सारखी नसते, ती चित्रात छापली जाते.

आता ओळखीचं. पिक्सेल पुरेसे पडले तरी थर्मलमध्ये दिसणारा प्राणी दिवसाच्या फोटोतला नसतो. रंग, पट्टे, ठिपके सगळं गायब. उरतं ते कातडीच्या आणि केसांच्या वरच्या थराचं तापमान. जाड केसांच्या प्राण्याची पाठ हवेपेक्षा जेमतेम काही अंश गरम असते. साळिंदराचा चेहरा लख्ख दिसतो आणि मागचा काट्यांचा पसारा अंधुक. घुबडाची तबकडी उजळ, बाकी अंग पिसांमुळे काळपट. फांदीवर नुसता चेहरा तरंगतोय असं वाटतं. सशाचे कान हा तर फसवा मामला. थंडीत तो कानांतला रक्तपुरवठा आवरतो, कान निवतात आणि चित्रातून नाहीसे होतात. उकाड्यात तेच कान सगळ्यात तेजस्वी. म्हणजे कानांवरून ससा ओळखायचा नियम अर्ध्या वर्षापुरताच. सांबर-चितळासारख्या मृगांची मखमल झडलेली शिंगं निव्वळ मृत हाड असतात, ती हवेच्या तापमानाला येतात आणि दिसत नाहीत, मग नर मादी म्हणून मोजला जातो. तीच शिंगं वाढीच्या काळात मखमलीत असताना रक्ताने भरलेली असतात, तेव्हा ती झळकतात. आईला चिकटून असलेलं पिल्लू आणि आई मिळून एकच डाग दिसतो, म्हणून कळपाची मोजणी तो हलू लागल्यावर करावी, झोपलेला असताना नाही.

दूर अंतरावर आकारापेक्षा चाल जास्त खात्रीची. ससा उड्या घेतो, प्रत्येक उडीला डाग लांब होऊन आखडतो. मांजरकुळातला प्राणी डोकं एका पातळीत ठेवून सरकतो आणि मध्येच गोठल्यासारखा थांबतो. कोल्हा सरळ रेषेत दुडक्या चालीने जातो. रानडुक्कर पुढे जड, मागे निमुळतं, नाक खाली. स्थिर चित्रावर डोकं खाजवत बसण्यापेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि चाल पुन्हा बघा. पडद्यावरची गती गुळगुळीत हवी असेल तर फ्रेम रेट २५ किंवा ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी चित्रं, हवा. निर्यात नियमांमुळे काही यंत्रं ९ हर्ट्झची मिळतात, त्यांत वटवाघूळ म्हणजे तुटक ठिपके आणि दुर्बीण फिरवताना चित्र फाटतं. थंड रक्ताच्या प्राण्यांचा नाद सोडा. साप, बेडूक, सरडे बहुधा जमिनीच्याच तापमानाला असतात. ओल्या कातडीचा बेडूक तर बाष्पीभवनामुळे भोवतालापेक्षा काळा दिसू शकतो.

याच कारणासाठी डोळ्याला दुर्बीण लावून एकही पाऊल टाकू नका. वाटेतला साप, खड्डा, काटेरी तार यांतलं काहीही त्यात भरवशाने दिसत नाही. शिवाय पडद्याच्या उजेडाने दोन्ही डोळे दिपलेले असतात आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. पडदा मंद ठेवा, लाल किंवा सेपिया छटा वापरा. दोन नळ्यांच्या दुर्बिणीत सेन्सर बहुधा एकच असतो, दोन्ही डोळ्यांना तेच चित्र मिळतं. खोली जाणवत नाही, आराम मात्र खूप मिळतो. एका जागी बसून तासन्‌तास बघणाऱ्याला ती उत्तम, चालत फिरणाऱ्याला एकनळी बरी, कारण एक डोळा अंधारासाठी राखीव राहतो.

टेहळणीचा वेग हा लोकांचा सर्वांत मोठा दोष. साडेसात अंशांचं दृश्यक्षेत्र गर्रकन फिरवलं की सेन्सरचाच प्रतिसाद मागे पडतो (प्रत्येक पिक्सेलला तापायला-निवायला दहाएक मिलिसेकंद लागतात) आणि लहान डाग पुसले जातात. चौकट थांबवा, दोन-तीन सेकंद बघा, एक तृतीयांश भाग पुन्हा आत येईल इतकीच सरकवा. आधी जवळचा पट्टा, मग मधला, मग लांबचा. एकदा पूर्ण झाल्यावर पाच मिनिटांनी तीच फेरी पुन्हा, कारण पहिल्या फेरीला झाडामागे असलेलं जनावर आता बाहेर आलेलं असतं. कोपर गाडीच्या दारावर किंवा काठीवर टेकवा. ८ पिक्सेलचा प्राणी एका पिक्सेलने हलला तरी ओळख जाते. अंतर मोजायला लेझर असेल तर तीन वेळा मोजा. ९०५ नॅनोमीटरचा किरण अलीकडच्या गवताच्या पात्यावरूनही परततो, तेव्हा एकमेकांशी जुळणारा आकडाच धरायचा.

थर्मलने जागा शोधायची आणि ओळख दुसऱ्या साधनाने पटवायची, ही जोडी मला नव्या सेन्सरपेक्षा जास्त मोलाची वाटते. ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त टॉर्चसह डिजिटल नाइट व्हिजन घेतलं तर पट्टे, शेपटी, शिंगं दिसतात. ८५० चा टॉर्च लांब पल्ला देतो, पण त्याचा लालसर ठिपका काही प्राण्यांना दिसतो. पांढरा प्रकाशझोत नकोच. विणीच्या काळात, घरट्यांशी आणि वटवाघळांच्या वसतीशी तर थर्मल घेऊनही रेंगाळू नये. दिसत नाही म्हणून त्यांना आपली चाहूल लागत नाही असं नाही. आणि व्हिडिओ कुणाला दाखवताना ठिकाण काढून टाका, जीपीएसची नोंदही. राखीव क्षेत्रात रात्री जायला आणि हे यंत्र बाळगायला परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्या. सीमा ओलांडून नेताना हे यंत्र साध्या कॅमेऱ्यात मोडत नाही, त्याचेही नियम असतात.

बॅटरीचे ८-१० तास खोलीच्या तापमानाला, वाय-फाय आणि रेकॉर्डिंग बंद ठेवून मोजलेले असतात. थंडीत त्यातले दोन-तृतीयांश मिळाले तरी समाधान माना. सुटी बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवा. पुष्कळ दिवस वापर नसेल तर ती अर्धी भरून ठेवा, पूर्ण भरून नाही. थंडीतून घरात आल्यावर दुर्बीण बंद पिशवीत तशीच तासभर राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. लेन्सवर धूळ असेल तर आधी फुंकणीने हवा मारा, मग लेन्सचा द्राव लावलेल्या मऊ कापडाने मधून बाहेर पुसा. कोरड्या कापडाने घासली की वरचं लेपन जातं आणि जर्मेनियमवरचा लेप सहसा पुन्हा चढवून मिळत नाही, सबंध लेन्स बदलावी लागते.